पुण्याहून वेरूळचे कैलास लेणे : गाडीने एका दिवसात जाऊन यावे का?

कर्वेनगरचा प्रवासी :
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण स्वतःच्या गाडीने वेरूळला जाण्याचा विचार करीत आहोत. बरोबर आई-वडील असतील. दोघेही सत्तरीला टेकले आहेत. सपाटीवर चालायला त्यांना अडचण नाही, परंतु आईला जिने चढताना गुडघ्याचा त्रास होतो. आठवीतल्या मुलीला कैलास लेणे प्रत्यक्ष पाहायचे आहे आणि सहलीचे मूळ कारण तेच आहे. मुक्काम करणे शक्य नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीला कामावर हजर राहावे लागते. गाडी मी आणि पत्नी आलटून पालटून चालवू.

पहाटे पाचच्या सुमारास निघून रात्री अकरापर्यंत घरी परतावे, असा अंदाज बांधला आहे. तो व्यवहार्य आहे का, कोणता रस्ता घ्यावा, आणि वेरूळखेरीज दौलताबादचा किल्ला, घृष्णेश्वर व बीबी का मकबरा यांपैकी काय काय जमू शकेल, हे जाणकारांनी सांगावे. मला रजा मंगळवारी मिळते.

शिरूरकर :
मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. अजिंठ्याची सुट्टी सोमवारी असते. रजेचा वार आधी बदलून घ्या, रस्त्याचे नंतर बोलू.

औरंगपुऱ्याची लेक :
माझे माहेर छत्रपती संभाजीनगरचे असल्यामुळे पुण्याचे पाहुणे एका दिवसात वेरूळ "उरकून" परत जाताना मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि दर वेळी मला त्यांची कीव येते. येथे एकंदर ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि शेवटची ५ जैन. त्यांचा पसारा डोंगराच्या कडेने सुमारे दोन किलोमीटर आहे. पुण्याहून अंतर एका बाजूने २६० किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जाण्यायेण्यात दहा-अकरा तास गाडीत बसायचे आणि ज्यासाठी आलो त्याला चार-पाच तास द्यायचे, हा हिशेब मला तरी पटत नाही. पत्नीची अडचण समजू शकते, परंतु एक दिवस जास्तीची रजा मिळेपर्यंत थांबण्यात काय नुकसान आहे? लेणी साडेबाराशे वर्षे तेथेच आहेत.

टंगळमंगळ :
वेरूळ, दौलताबाद, घृष्णेश्वर आणि मकबरा एका दिवसात करण्याची ही योजना महंमद तुघलकाच्या वळणाची वाटते. त्यानेही १३२७ मध्ये देवगिरीस जाण्याचा बेत असाच घाईने आखला होता आणि पुढे सर्वांना परत नेताना त्याची फार दमछाक झाली.

शिरूरकर :
टंगळमंगळ, तुघलकाच्या काळी वाघोली नव्हती, म्हणून तो निदान पोहोचला तरी.

आता रस्ता. कामानिमित्त मी या मार्गावर सतत असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. वेळेची खरी चोरी पुण्यापासून पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये होते. खराडी, वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि शिक्रापूर हा पट्टा पहाटे साडेपाचच्या आत ओलांडला, तर तो तासाभरात मागे पडतो. साडेसातनंतर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कामगारांच्या दुचाकी सुरू झाल्या की त्याच अंतराला दुप्पट वेळ लागतो. रांजणगाव ओलांडल्यावर रस्ता मोकळा होतो आणि शिरूर, सुपे करीत अहिल्यानगर येते. तोवर सुमारे १२० किलोमीटर झालेले असतात. शहरात शिरू नका. केडगावच्या बाजूने विळद–शेंडीकडे जाणारे बाह्यवळण घ्या. ते शेंडीपाशी संभाजीनगर रस्त्याला मिळते. पुढे इमामपूरचा छोटा घाट, मग पांढरीपूल. चहा-नाश्त्यासाठी येथे थांबावे, कारण साधारण अर्धा प्रवास झालेला असतो आणि चालक बदलायलाही ठिकाण सोयीचे आहे.

त्यानंतर घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा, आणि प्रवरासंगमाला गोदावरी ओलांडली की मराठवाडा सुरू होतो. वाळूजला पोहोचल्यावर बहुतेक जण नकाशा सांगतो म्हणून सरळ शहरात जातात आणि अर्धा-पाऊण तास घालवतात. त्याऐवजी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून तीसगावमार्गे शरणापूर फाट्याला निघा. तेथून दौलताबाद, पुढे घाट चढून खुलदाबाद आणि मग वेरूळ. दौलताबादच्या पुढे रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतील जुन्या दरवाजातून जातो आणि तेथे एका वेळी एकच गाडी मावते. सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे रांगा लागतात. कामाच्या दिवशी त्रास होत नाही.

घोडेगावाहून शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो, हे ध्यानात ठेवून शनिवार आणि अमावास्या टाळाव्यात.

कर्वेनगरचा प्रवासी :
शिरूरकर, मनःपूर्वक आभार. वार बुधवार करता येईल, कार्यालयात बोललो आहे. औरंगपुऱ्याची लेक यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु जास्तीच्या रजेची वाट पाहत मुलगी दहावीत जाईल आणि मग दोन वर्षे कोठेच जाणे होणार नाही. मकबरा बेतातून काढून टाकतो. दौलताबादबद्दल अजून आशा आहे.

गोदाकाठ :
दौलताबादची आशा सोडा. तो किल्ला रस्त्यावरून दिसतो म्हणून सोपा वाटतो. चाँद मिनारपर्यंतचा भाग सपाट आहे, पण त्यापुढे खंदक, मग अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी मार्ग, आणि मग वरपर्यंतच्या शेकडो पायऱ्या. तो नीट पाहायला तीन तास लागतात आणि आपल्या मातोश्रींना ते झेपणार नाही. जाताना घाटाच्या वळणावर गाडी सुरक्षित जागी उभी करून तासलेला कडा लांबून दाखवा. यादवांनी राजधानीसाठी हीच टेकडी का निवडली असावी, ते मुलीला तेवढ्यावरूनही कळेल.

मी नेवासे भागातला आहे, म्हणून शिरूरकरांनी न लिहिलेली एक गोष्ट सांगतो. डिसेंबर म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. अहिल्यानगर ते गंगापूर या टापूत साखर कारखाने आहेत आणि अंधार पडल्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, उसाची मोळी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असते आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर उजेडात ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. या रस्त्यावर रात्री ताशी ऐंशीच्या वेगाने जाणे म्हणजे नशिबावर गाडी सोडून देणे होय. निदान अहिल्यानगरपर्यंतचा परतीचा प्रवास शक्य तितका उजेडात करावा, म्हणजे वेरूळहून चारच्या सुमारास निघावे लागेल.

शिल्पभक्त :
गोदाकाठ यांची सूचना महत्त्वाची आहे, परंतु तिच्यामुळे एक पेच उभा राहतो. वेरूळचा सगळा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि कैलास लेण्याचा चौक मागच्या कड्याच्या सावलीत असतो. दुपारनंतर प्रकाश पुढून येऊ लागतो आणि मग हत्तींचे थर, स्तंभांवरची नक्षी, शिखराचे टप्पे एकेक करून उठून दिसतात. जो सकाळी दहाला पोहोचून थेट १६ क्रमांकाच्या लेण्यात शिरतो आणि बाराला कंटाळून बाहेर पडतो, त्याने कैलास पाहिले खरे, पण चुकीच्या वेळी. माझे मत असे की एका दिवसाची सहल अवश्य करावी, मात्र कैलास शेवटी ठेवावे आणि बाकीची लेणी निवडून, थोडी पाहावीत.

क्रम असा सुचवतो. पोहोचल्यावर वाहनाने उत्तर टोकाच्या जैन लेण्यांकडे जावे. तेथे ३० क्रमांकाचे लेणे "छोटा कैलास" म्हणून ओळखले जाते. ते अपुरे राहिले, आणि म्हणूनच पाहण्यासारखे आहे, कारण खडकातून मंदिर कसे मोकळे केले जात असे ते अपुऱ्या कामात अधिक स्पष्ट दिसते. शेजारची ३२ क्रमांकाची इंद्रसभा मुळीच चुकवू नये. तिच्या वरच्या मजल्यावर छताला जुन्या रंगकामाचे अवशेष आहेत, तेव्हा हाताशी एक विजेरी असू द्यावी. त्यानंतर दक्षिणेकडे येऊन १० क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे पाहावे. हे येथले एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, असून त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. त्यावरूनच लोक त्याला "सुतार की झोपडी" म्हणतात. १२ क्रमांकाचे तीन ताल लेणे खालच्या मजल्यापुरते पाहिले तरी चालेल, कारण जिने उंच आहेत. मग जेवण, आणि दीडच्या सुमारास कैलास. त्याला अडीच तास मिळतात आणि चारला निघताही येते.

मावळातला :
एवढे अकरा तास गाडीत बसण्यापेक्षा आपल्या अंगणातली कार्ले आणि भाजे लेणी का पाहू नयेत, हा प्रश्न कोणीच विचारला नाही, याचे आश्चर्य वाटते. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठ्या चैत्यगृहांत गणले जाते. त्याची लांबी सुमारे १२४ फूट असून छताच्या मूळच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. भाजे तर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. दोन्ही ठिकाणे पुण्यापासून दीड तासाच्या आत आहेत. दुपारी घरी येऊन वामकुक्षीही होईल.

टंगळमंगळ :
वामकुक्षीचा मुद्दा या धाग्यावरचा आजवरचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

औरंगपुऱ्याची लेक :
मावळातला, कार्ल्याबद्दल आदर आहेच, परंतु कैलास पाहू इच्छिणाऱ्या मुलीला कार्ले दाखवून समजूत काढता येणार नाही. आणि कार्ल्याच्या पायऱ्या त्यांच्या मातोश्रींनी कशा चढायच्या? एकवीरेच्या यात्रेकरूंची गर्दी त्याच वाटेने असते. वेरूळला वाहनतळापासून कैलासच्या दारापर्यंत सपाट रस्ता आहे आणि पूर्ण चौक एकही जिना न चढता फिरून पाहता येतो. वयस्कर माणसांसाठी उलट वेरूळच सोयीचे आहे.

शिल्पभक्त :
मावळातला यांची सूचना मी "ऐवजी" म्हणून नाही, तर "आधी" म्हणून घेईन. सहलीच्या आधीच्या एखाद्या रविवारी मुलीला भाजे किंवा कार्ले दाखवून आणावे. तेथे कारागीर डोंगराच्या पोटात शिरतो आणि आत जागा तयार करतो. कैलास लेण्यात सातशे-आठशे वर्षांनंतरचे त्याचे वारस उलटे करतात. ते आत शिरत नाहीत. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खणतात, मधे खडकाचा एक प्रचंड ठोकळा सुटा ठेवतात आणि मग त्याला वरून खाली कोरत आणतात. पहिल्यांदा शिखर, शेवटी जोते. उंच परांची बांधण्याची गरज त्यामुळे पडली नाही, पण वरचा एखादा भाग बिघडला तर तो काढून नवा दगड बसवण्याची सोयही राहिली नाही. चौकाची लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागच्या कड्याची उंची १०७ फूट आहे. हे आकडे ऐकून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून लेण्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताने डोंगरावर जी पायवाट चढते, तिने वर जावे. तेथून शिखर आपल्या नजरेच्या खाली येते आणि कारागिराने काम कोठून सुरू केले असेल ते कोणी न सांगता कळते. मी पाहुण्यांना नेहमी आधी वर नेतो आणि मग खाली.

दुपारचा चहा :
वर जाणारी वाट मुलांसाठी सुरक्षित आहे का? आमचा चिरंजीव कठडा दिसला की त्यावर चढतो.

औरंगपुऱ्याची लेक :
वाट उघड्या खडकावरची आहे, अवघड नाही, पण सुट्या खड्यांवर चप्पल घसरते. बूट घालावेत. मुलाचा हात धरून ठेवावा, कारण कड्याच्या पलीकडे सरळ शंभर फुटांचा तळ आहे. कर्वेनगरच्या काकूंनी चौकातच बसावे, तेथे सावली मिळते. पावसाळ्यात मात्र ही वाट मोठ्यांनीही टाळावी, शेवाळ धरते. पावसाळ्यातला तेथला धबधबा पाहायला २९ क्रमांकाच्या लेण्याकडे जावे.

संशयात्मा :
या निमित्ताने एक शंका. समाजमाध्यमांवर नेहमी फिरते की कैलास मंदिर अठरा वर्षांत कोरले, रोज इतके टन दगड काढला, ते मानवी हातांना अशक्य आहे, म्हणून ते परग्रहावरून आलेल्यांचे काम असावे. माझा भाचा हे ठामपणे सांगतो. सहलीत मुलीने विचारले तर काय उत्तर द्यावे?

शिल्पभक्त :
भाच्याला भिंतींवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवाव्यात. त्या चौकात, ओवऱ्यांत, जिथे गिलावा उडाला आहे तेथे सर्वत्र आहेत.

अठरा वर्षांचा आकडा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या राजवटीवरून आला आहे. त्याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३ मानतात. परंतु सगळे काम त्याच काळात संपले, असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांनी असे मांडले की मुख्य मंदिराचा बराचसा भाग कृष्णाच्या वेळी झाला आणि भोवतीच्या ओवऱ्या व इतर दालने पुढच्या काळात वाढत गेली. एकदा मुदत लांबली की रोजच्या टनांचा हिशेब आपोआप कोसळतो.

दुसरे म्हणजे हे लेणे आकाशातून अचानक पडल्यासारखे नाही. राष्ट्रकूटांनी ज्या चालुक्यांचे राज्य घेतले, त्यांचे पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर त्या आधी थोड्याच वर्षांपूर्वी, सुमारे ७४० मध्ये, बांधले गेले होते. ते कांचीच्या कैलासनाथ मंदिराच्या धर्तीवरचे होते आणि वेरूळचा आराखडा पट्टदकलशी जवळचे नाते सांगतो. पुढे नंदीमंडप, मग सभामंडप, मागे विमान, म्हणजे गाभारा आणि त्यावरचे शिखर, हा क्रम तोच. कारागिरांना काय कोरायचे आहे ते पक्के ठाऊक होते. नवे होते ते फक्त ते डोंगरातून काढणे.

आणि परग्रहवासीयांचे श्रेय हिरावून घेणारा पुरावाही आहे. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूट कर्कराजाच्या, ८१२–१३ मधील ताम्रपटात कृष्णराजाने एलापूर, म्हणजे वेरूळ, येथे उभारलेल्या मंदिराचे वर्णन आहे. ते पाहून विमानातून जाणारे देवही चकित झाले आणि ज्याने ते घडवले त्या शिल्पकारालाही हे आपल्या हातून कसे झाले याचे नवल वाटले, अशा अर्थाचा मजकूर त्यात येतो. अतिशयोक्ती आहेच, पण माणसाने घडवले याबद्दल त्या काळच्या लोकांना शंका नव्हती.

गोदाकाठ :
शिल्पभक्तांच्या उत्तरात एक दंतकथाही जोडतो, कारण लेकरांना तीच लक्षात राहते. आमच्याकडे सांगतात की राजा आजारी पडला आणि माणिकावती राणीने नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. मंदिर जोत्यापासून बांधायला घेतले तर राणी उपाशी मरेल, म्हणून पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने काम शिखरापासूनच सुरू केले आणि आठवड्यात कळस दाखवला. इतिहास म्हणून हे घेऊ नये, पण वरून खाली खोदण्याचे इतके चोख कारण दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

संशयात्मा :
भाच्याला हीच गोष्ट सांगतो. परग्रहवासीयांपेक्षा उपाशी राणी अधिक पटण्यासारखी आहे.

सोमवार पेठ :
लेण्यात नेमके काय पाहावे हे कोणी सांगितले नाही, म्हणून थोडे लिहितो. चौकात शिरताना समोरच गजलक्ष्मी आहे. बहुतेक जण तिच्यापुढे छायाचित्र काढतात आणि तिच्याकडे पाहतच नाहीत. चौकातून प्रदक्षिणेला निघाल्यावर उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचे आणि दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग ओळींनी कोरलेले आहेत. मुलीला एकेक प्रसंग ओळखायला सांगावे, अर्धा तास कसा जातो कळत नाही. दक्षिणेलाच खालच्या अंगाला रावण कैलास उचलतो आहे ते शिल्प आहे. वर पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, एक दासी पळते आहे आणि शिव अगदी शांतपणे पायाने पर्वत दाबतो आहे. मला या साऱ्या डोंगरात त्या पळणाऱ्या दासीइतके जिवंत दुसरे काही वाटत नाही. जिन्यांचा त्रास नसणाऱ्यांनी उत्तरेच्या ओवरीवरचे लंकेश्वर लेणेही पाहावे. छताकडे पाहिले तर गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे दिसतात. एके काळी हे मंदिर रंगवलेले होते आणि लोक त्याला रंगमहाल म्हणत.

दुपारचा चहा :
जेवणाचे काय? आमच्या घरी लेणी पाहून पोट भरणारे कोणी नाही.

शिरूरकर :
लेण्यांच्या आसपास जेवणाची सोय होते, साधे थाळीचे जेवण मिळते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर घरून दशम्या, चटणी आणि दहीभात न्यावा, वेळही वाचतो. लेण्यांच्या आवारात मात्र काही खाऊ नये. माकडे हातातली पिशवी मालकी हक्काने घेऊन जातात. परतताना दौलताबादच्या रस्त्याला पेरू विकायला बसलेले असतात, ते घ्यावेत. सीताफळांचा हंगाम डिसेंबरपर्यंत संपत आलेला असतो.

औरंगपुऱ्याची लेक :
संभाजीनगरला येऊन नान-खलिया न खाता दहीभात खाऊन परत जाणारे पाहुणे पाहिले की वाईट वाटते. पण शहरात शिरायचेच नाही असे ठरले असल्याने मी गप्प बसते.

गोदाकाठ :
घृष्णेश्वराबद्दल कोणी बोलले नाही. मंदिर लेण्यांपासून किलोमीटरभरावर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आणि आजची वास्तू अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेली आहे. त्याआधी शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी जीर्णोद्धार केला होता. वेरूळ हे भोसल्यांचे गाव. आई-वडिलांना तेथे न नेता परत आणले, तर पुढची अनेक वर्षे ऐकून घ्यावे लागेल. बुधवारी रांग फार नसते. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र यांची गोष्ट वेगळी. भ्रमणध्वनी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा तो गाडीत ठेवावा, आणि गाभाऱ्यात जायचे तर पुरुषांना कमरेवरचे कपडे उतरवावे लागतात.

मावळातला :
मी अजूनही कार्ल्याच्या बाजूने आहे, परंतु बहुमतापुढे नमतो. फक्त हे सांगा की चारला निघायचे, कैलास दीड वाजता सुरू करायचे, त्याआधी जैन लेणी, दहा, बारा, जेवण आणि आता घृष्णेश्वर, हे सगळे बसते कोठे? पहाटे पाचला निघणारा माणूस तेथे साडेदहाच्या आत पोहोचत नाही.

शिल्पभक्त :
प्रश्न रास्त आहे. बसत नाही. पाचऐवजी चारला निघावे लागेल, म्हणजे साडेनऊला पोहोचता येते आणि वाघोलीही अंधारातच मागे पडते. तरीही काहीतरी गाळावे लागणारच. माझ्या मते तीन ताल गाळावे. घृष्णेश्वर पोहोचल्याबरोबर करावे, जैन लेण्यांना तासभर, विश्वकर्म्याला अर्धा तास, साडेबाराला जेवण. दहावे लेणे आणि कैलास या दोन्हींत मिळून माणसाला पुरेसे पाहायला मिळते. ३४ लेण्यांच्या क्रमांकांवर खुणा करीत फिरण्यात काही अर्थ नाही.

औरंगपुऱ्याची लेक :
हे मला पटले. एका दिवसात जायचेच असेल तर असे जावे. चालक म्हणून दोघे असतील तर पहाटे ज्याने गाडी चालवली त्याने परतीला अहिल्यानगरपर्यंत मागे बसून झोपावे, ही एक अट माझ्याकडून जोडते. चारला उठलेला माणूस रात्री आठला वळणावर डुलकी घेतो.

कर्वेनगरचा प्रवासी :
सर्वांचे आभार. आता बेत असा ठरला आहे. बुधवारी पहाटे चारला निघणे, पांढरीपुलाला चहा आणि चालकबदल, वाळूजहून तीसगाव–शरणापूरमार्गे वेरूळ, आधी घृष्णेश्वर, मग छोटा कैलास आणि इंद्रसभा, मग विश्वकर्मा, जेवण, आणि दीड ते चार कैलास. दौलताबाद फक्त रस्त्यावरून. त्याआधीच्या रविवारी मुलीला भाजे दाखवणार आहे, म्हणजे मावळातला यांचाही मान राहील.

एकच शेवटची विचारणा. वडील वारकरी आहेत. नेवासा फाट्यावरून जातच आहोत, तर ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस खांब पाहून पुढे जावे, असे ते म्हणतात. सकाळी जमेल का?

गोदाकाठ :
जमेल, पण सकाळी करू नका. मंदिर फाट्यापासून आत, नेवासे गावाजवळ आहे. जाऊन, दर्शन घेऊन, परत महामार्गाला लागेपर्यंत तास सहज जातो आणि तो तास तुमच्या विश्वकर्म्याचा आणि जेवणाचा आहे. परतीला घ्यायचे तर अंधारात उसाच्या ट्रॉल्यांच्या टापूत अडकाल. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जेथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, त्या जागी वारकऱ्याला पाच मिनिटांत हात जोडून निघायला लावणेही बरे नव्हे. वडिलांसाठी वेगळा दिवस काढा. नेवासे, तेथून जवळचे देवगड आणि प्रवरासंगमाजवळच्या टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर असे तीन मिळून पुण्याहून सुखाने एका दिवसाचे होतात, आणि त्या बेताला कोणी तुघलक म्हणणार नाही.

टंगळमंगळ :
मी म्हणेन. पण हळू आवाजात.

शिरूरकर :
मंगळवारी संध्याकाळीच टाकी भरून, चाकांतील हवा आणि फास्टॅगमधील शिल्लक तपासून ठेवा. पहाटे चारला पंपावर थांबलात तर अर्धा तास तेथेच जातो. आणि परतीला रात्री आठ ते दहा रांजणगाव ते वाघोली पट्टा तुंबलेला असतो. कर्वेनगरला जायचे असल्यामुळे लोणीकंदहून केसनंद–थेऊरमार्गे सोलापूर रस्त्याला निघण्याचा मोह होईल. तो रस्ता हडपसरकरांच्या सोयीचा आहे, तुम्हाला त्याचा लाभ नाही. वाघोलीतूनच या.